आमच्या हाडाचं बारसं

मला कुणी विचारलं, "स्कुर्तुसाहेब, टपाल कचेरीतला तुमच्यासारखा सरळमार्गी माणूस या डायनोसॉरच्या भानगडीत पडला कसा?" तर मी प्रामाणिकपणे सांगतो, मी पडलो नाही, मला पाडण्यात आलं. आणि त्याला कारण आमच्या नाशाचं टाळकं.

आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीच्या मागे हातभर लांब मेणबत्ती धरून जो धर्मपिता उभा राहतो, त्याला 'नाश' म्हणतात. त्याच्या बायकोला 'नाशा'. शब्द आमचा आहे आणि अर्थ अत्यंत मंगल आहे. कुणाला तो भलताच ऐकू येत असेल तर दोष त्याच्या कानांचा. नाशाशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही. आणि एकदा लग्नाला नाश मिळाला की तो जन्माचा मिळतो. ईस्टरला त्याच्या घरी कोकराची मांडी पोचवायची, नवरा-बायकोचं भांडण त्याच्यापुढे न्यायचं, आणि मूल झालं की बाप्तिस्म्याला ते त्याच्या हातात द्यायचं. नावही तोच ठेवणार. आमचे नाश पोम्पिलियु हे निवृत्त स्टेशनमास्तर. उंची इतकी की सिग्नल बिघडला तर ते स्वतः हात आडवा करून गाडी थांबवत, असं गावात सांगतात.

तर हे पोम्पिलियु आमच्या तळघरात त्सुइका, म्हणजे आलुबुखाराची घरची दारू, चाखायला उतरत आणि दर वेळी त्यांचं डोकं तुळईवर आपटे. मला तो त्रास नाही. मी त्याच तुळईखालून टोपी घालून जातो. गेल्या ईस्टरला मात्र ते असे काही आपटले की वरच्या मजल्यावर घड्याळ बंद पडलं. पिंपावर बसून, कपाळाला बाटली लावून ते म्हणाले, "तिबी, तू हे तळघर बांधलंस की उंदराचं बीळ? तुला मला मारायचंय का? स्पष्ट सांग."

आता नाशाने असं म्हणावं यापरता अपमान नाही. तुळई वर नेता येत नव्हती, कारण तिच्यावर आमचं घर आहे. तेव्हा जमीन वीतभर खाली न्यायची असं मी ठरवलं. एवढीशी गोष्ट. कुदळ घेतली आणि उतरलो.

आमचे शेजारी ग्लिगोर यांना दुसऱ्याचं काम चाललेलं दिसलं की राहवत नाही. तळघराच्या झरोक्याशी ते पोटावर आडवे झाले आणि तिथून सल्ले देऊ लागले. "तिबीभाऊ, कुदळ नको, पहार घ्या." पहार घेतली. "आता पहार ठेवा, कुदळ घ्या." असं करत करत आम्ही कोपऱ्यात पोचलो आणि पहार खण्णकन वाजली. दगड होता. पावाच्या मोठ्या लादीएवढा. आणि त्या दगडातून दोन्ही बाजूंना काहीतरी तपकिरी, गुळगुळीत बाहेर आलेलं होतं. हाड!

"ही आमची म्हैस," ग्लिगोर झरोक्यातून म्हणाले.

"कुठली म्हैस?"

"आजोबांची. रोझालिया. लढाईच्या वर्षी हरवली. आजोबा मरेपर्यंत म्हणत होते की स्कुर्तुंच्या म्हाताऱ्याने कापून खाल्ली. आज पुरावा मिळाला."

मी म्हटलं, म्हैस दगडात कशी शिरेल? ते म्हणाले, ते तुमच्या आजोबांना विचारा.

दुपारपर्यंत आमच्या कुंपणाशी परिषद भरली. शाळेच्या मास्तरांनी हाड लांबूनच पाहिलं आणि मॅमथ म्हणून निकाल दिला. चर्चच्या घंटेवाल्याने राक्षस ठरवला. आमच्या खोऱ्यात पूर्वी राक्षस राहत होते हे तो लहानपणापासून ऐकत आलाय, आणि लहानपणी ऐकलेलं खोटं कसं असेल? नाश आले, झरोक्यातून वाकून पाहिलं (आत उतरले नाहीत) आणि म्हणाले, "बैल." माझी बायको लुक्रेत्सिया कोबी धूत होती. ती म्हणाली, "काय असेल ते असो, हिवाळ्याआधी तळघर मोकळं करून दे. मला कोबी घालायचाय."

शास्त्राची वर्गवारी इथवर येऊन थांबली, तेव्हा मी क्लुजच्या विद्यापीठाला फोन लावला.

डॉक्टर इल्दिकोबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. चिखलाने माखलेली गाडी, चिखलाने माखलेले बूट, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी ते भिंग डोळ्याला लावलं, हाडाच्या टोकाला जीभ लावली (हो, जीभ, खरं जुनं हाड जिभेला चिकटतं म्हणे) आणि म्हणाल्या, "डायनोसॉर. मांडीचं हाड."

कुंपणापलीकडे ग्लिगोर म्हणाले, "म्हशीलाही मांडी असते." पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"कुठला डायनोसॉर?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीची सवय, पार्सल आलं की कुठून आलं ते आधी बघायचं.

"ते इतकं सोपं नाही," बाई स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत सांगू लागल्या. "डायनोसॉरची घराणी कमरेवरून ठरतात. एका घराण्याची कंबर पक्ष्यासारखी, दुसऱ्याची सरड्यासारखी."

"म्हणजे पक्षी पहिल्या घराण्यातले," मी हुशारी दाखवली.

"नाही. पक्षी निघाले सरड्यासारख्या कमरेच्या घराण्यातून."

मी मान डोलावली. आमच्या कचेरीतही 'चौकशी' अशी पाटी असलेल्या खिडकीत तिकिटं मिळतात आणि चौकशी कुठेच होत नाही. तेव्हा शास्त्रावर माझा विश्वासच बसला.

"तुमच्याकडे कंबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"अधूनमधून दुखते," मी म्हणालो.

"डायनोसॉरची."

"ती नाही."

मग त्यांनी सांगितलं, की सात कोटी वर्षांमागे आमचं हे खोरं म्हणजे समुद्रातलं एक बेट होतं. बेटावर खायला बेताचं, म्हणून प्राणी पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले. बाहेर ज्याचे भाऊबंद घराएवढे, तो लांब मानेचा माग्यारोसॉरस इथे जेमतेम घोड्याच्या वजनाचा. बदकाच्या तोंडाचा टेल्माटोसॉरसही आखूडच. स्ट्रुथिओसॉरसच्या अंगावर चिलखत, पण खाली जीव केवढा, तर मोठ्या डुकराएवढा. झाल्मॉक्सेसला पोपटासारखी चोच आणि ढेरी, तो दोन पायांवर पाला खात हिंडणार. आणि बालौर! नाव आमच्याच भाषेतलं, गोष्टीतल्या राक्षसी सापाचं. दोन्ही पायांना दोन दोन उभ्या नख्या. आधी त्याला भयंकर शिकारी ठरवलं, मग काही शास्त्रज्ञ म्हणाले, अहो, हा तर पक्षी आहे. त्यावर अजून वाद चालू आहे.

हे ऐकून मी आतून पेटलो. जगात सगळीकडे त्या एका अमेरिकेतल्या दातवाल्याचा डंका. पोरांच्या दप्तरावर तो, सदऱ्यावर तो, बिस्किटांच्या डब्यावर तो. आणि आमच्या खोऱ्यातल्या या बुटक्या, कष्टाळू, आपल्या बेटावर भागवून घेणाऱ्या जनावरांना कुत्रं विचारत नाही. आमच्या जिल्ह्यातल्याच लोकांना विचारा, त्यांना एक नाव सांगता येणार नाही. मी स्वतः कालपर्यंत सांगू शकलो नसतो, पण तो मुद्दा नाही.

"या हाडाच्या मागे एक उंचवटा असतो," बाई म्हणाल्या. "शेपटीचा स्नायू तिथे बांधलेला असतो. तो लोंबता असेल तर एक घराणं, बसका असेल तर दुसरं. आणि कुठल्याच माहीत असलेल्या हाडाशी जुळला नाही तर नवी जात. पण तो नेमका या दगडात बुडालाय. प्रयोगशाळेत सौम्य आम्लात ठेवून हा दगड हळूहळू विरघळवावा लागेल. हाडाला धक्का न लावता. महिनेही लागतात."

"आणि नवी जात असेल तर?"

"तर बारसं करू या!" बाई हसून म्हणाल्या. "नाव शास्त्रज्ञ ठेवतात, पण कधी कधी ज्याला सापडलं त्याचं देतात."

त्या हसल्या, मी हसलो नाही. मी कप खाली ठेवला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या भाषेत स्कुर्तु म्हणजे आखूड. माझे वडील आखूड, आजोबा आखूड, आणि मी त्या परंपरेत कुठेही कमी पडलेलो नाही. आणि आम्हाला मूलबाळ नाही. त्याबद्दल आम्ही दोघं आता बोलत नाही, जे बोलायचं आणि रडायचं ते तरुणपणी होऊन गेलं. पण स्कुर्तु हे नाव माझ्यापाशी संपणार, हे मला मधूनच टोचतं. कुणाच्या तरी बाळाच्या जन्माची तार माझ्या हातून गेली की जास्तच. आणि आता एकदम 'स्कुर्तुसॉरस'! जगातल्या सगळ्या संग्रहालयांत! मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली.

पण हाड बाईंना लगेच नेता येईना. जमिनीत सापडलेली अशी वस्तू जिल्ह्याच्या समितीच्या परवानगीशिवाय हलत नाही. जिल्ह्याहून देमियान नावाचे अधिकारी आले. त्यांनी तळघराच्या दाराला लाल-पांढरी पट्टी लावली, आत पाऊल टाकायचं नाही म्हणाले, आणि हाड माझ्या ताब्यात देऊन मला 'अभिरक्षक' नेमलं. मी विचारलं, अभिरक्षकाने काय करायचं? देमियानसाहेब म्हणाले, "काही नाही. वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची नाही. समिती यथावकाश येईल."

मी हाड जाड घोंगडीत गुंडाळलं आणि लुक्रेत्सियाने ते कपाटावर ठेवलं. ती माझ्यापेक्षा चांगली उंच आहे. खालून मला घोंगडीचा फक्त काठ दिसे. रोज सकाळी कामावर जाताना मी त्या काठाकडे बघून घ्यायचो.

आता माझी चूक. कचेरीत खिडकीवर कुणीतरी विचारलं, "काय स्कुर्तुसाहेब, खुशीत दिसताय?" आणि मी बोलून गेलो, "आमच्याकडे बारसं आहे."

बारसं! त्या दिवशी संध्याकाळी नाश आणि नाशा दोघं आमच्या दारात. नाशांनी लग्नाचा सूट घातला होता. त्याची वरची बटणं आता लागत नाहीत, त्यामुळे ते जास्तच रागावलेले दिसत होते.

"गावात बारसं," ते म्हणाले, "आणि मला कळतंय ते बेकरीत."

"नाशुले, बसा तरी. ते हाडाचं..."

"कशाचं का असेना! बारसं तुझ्या घरातलं आहे ना? मग नाश कोण? ती क्लुजची बाई?" त्यांचा आवाज एकदम बसला. "इतकी वर्षं मी थांबलोय, तिबी. कधी एक शब्द काढला? बाकीच्यांच्या नाशांनी तीन तीन पोरं बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून काढली. मी कुणाला विचारलं नाही, कुणाला टोचलं नाही. आणि आता तुमच्याकडे काहीतरी आलंय, तर मला वगळता?"

लुक्रेत्सिया मागे वळून भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ होती.

मी म्हणालो, "वगळत नाही. तुम्हीच नाश."

"मग नावही मी ठेवणार."

"ठेवा ना. स्कुर्तुसॉरस."

"पोम्पिलिओसॉरस," नाश म्हणाले.

इथून जे भांडण सुरू झालं त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण त्यात माझी बाजू उठून दिसत नाही. मी म्हणालो, हाड माझ्या तळघरातलं. ते म्हणाले, तळघर माझ्या डोक्यासाठी खणलंस. मी म्हणालो, आखूड जनावराला आखूड नाव शोभतं. ते म्हणाले, म्हणूनच त्याला जरा मोठं नाव द्यावं, बिचाऱ्याचं जगात काहीतरी वजन पडेल. शेवटी नाशा त्यांना बाहीला धरून घेऊन गेली. जाताना ते फाटकातून ओरडले, "समिती येईल तेव्हा मी मेणबत्ती घेऊन येणार! बघू कोण अडवतो!"

ग्लिगोर कुंपणाशी उभेच होते. म्हणाले, "नाव रोझालियाच राहू द्या. कुणाचंच भांडण नको."

मग थंडी आली आणि कोबीचा प्रश्न उभा राहिला. नाताळात सार्माले, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, नसेल तर तो नाताळ नव्हे, आणि सार्माल्याला आंबवलेली अख्खी कोबीची पानं लागतात. पिंप आम्ही स्वयंपाकघरामागच्या पडवीत ठेवलं, कारण तळघराला पट्टी. लुक्रेत्सियाने गड्डे रचले, मीठपाणी ओतलं, बडीशेपेच्या काड्या टाकल्या. वरून दाब द्यायला दगड लागतो. तिच्या सासूच्या काळापासूनचा तो दगड तळघरात होता. पट्टीच्या आत.

"मी देमियानसाहेबांना अर्ज करतो," मी म्हटलं.

"दगडासाठी?"

"पट्टी सरकारी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. माझ्या लग्नाच्या अनुभवाने मला तेव्हाच सावध करायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी गड्डे छान दबलेले दिसले, आणि मी समजलो की तिने कुठून तरी दगड आणला.

पिंपाच्या तळाचं मीठपाणी वर यावं, म्हणून आमच्याकडे त्यात रबरी नळी घालून फुंकतात. हे काम घरातल्या पुरुषाचं. मी रोज कचेरीतून आलो की कोट काढून, नळी तोंडात धरून बुडबुडे काढायचो. या वर्षी ते फारच येत होते. मी फुंकणं थांबवलं तरी आत आपलं फसफस फसफस चाललेलं. वर पांढरा फेस. "यंदाचा कोबी उत्साही आहे," मी लुक्रेत्सियाला म्हणालो. ती म्हणाली, "फुंक तू. बडबड नको."

आणि मग एके दिवशी, जेव्हा कुणाला अपेक्षा नव्हती तेव्हा, समिती आली. समिती म्हणजे देमियानसाहेब आणि डॉक्टर इल्दिकोबाई. त्यांच्या पाठोपाठ, कुणी कळवलं देव जाणे, नाश सूट घालून, हातात रिबिनी बांधलेली बाप्तिस्म्याची मेणबत्ती आणि काखेत एक पुडकं घेऊन हजर. मागे नाशा, तिच्यामागे कुंपण ओलांडून ग्लिगोर.

मी ऐटीत स्टूल ओढलं, चढलो, घोंगडी खाली घेतली आणि टेबलावर ठेवली. अभिरक्षक म्हणून मला दोन शब्द बोलायचे होते, ते मी पाठ केले होते. पण घोंगडी फार हलकी लागली. उलगडली, तर आत उशी. आमचीच. तिच्यावर लुक्रेत्सियाने भरलेली फुलं.

देमियानसाहेबांनी उशी उलटून पाहिली.

"चोरी!" ग्लिगोर आनंदाने ओरडले. "मी सांगत होतो, या घराण्याला सवय आहे!"

माझी पाचावर धारण बसली. अभिरक्षकाकडून वस्तू हरवली तर काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. घाम पुसत मी म्हणालो, "वस्तू... वस्तू घराबाहेर गेलेली नाही. माझी खात्री आहे."

"नाही गेली," लुक्रेत्सिया म्हणाली. ती दारात उभी होती, ओले हात पुसत. "घरातच आहे. पडवीत."

"कुठे पडवीत?" बाई उभ्या राहिल्या.

"पिंपात. तुम्ही बाहेर नेऊ नका म्हणालात. पिंपात घालू नका असं कुणी म्हणालं होतं? दगड तुम्ही पट्टीत अडकवलात, मग मी काय माझं डोकं ठेवू कोबीवर?"

आम्ही सगळे पडवीत धावलो. बाईंनी बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत हात पिंपात घातला आणि हाड वर काढलं. बडीशेपेची एक काडी त्याला चिकटली होती. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला. हंगेरियन होता आणि मला त्याचा अर्थ कळला नाही, पण देमियानसाहेबांनी टोपी काढली.

मी डोळे मिटून घेतले. सात कोटी वर्षं टिकलं आणि माझ्या घरी एक हिवाळा टिकलं नाही! तेवढ्यात बाई पुन्हा ओरडल्या, पण आवाज वेगळा होता. "दगड! दगड कुठे गेला?"

दगड गेला होता. म्हणजे हाडाच्या मधल्या भागावर जो होता तो बहुतेक विरघळला होता आणि उरलेला बाईंनी अंगठ्याने घासला तसा दह्यासारखा सुटला. आंबलेल्या कोबीचं पाणी म्हणजे सौम्य आम्लच. प्रयोगशाळेने जे महिनोन्‌महिने मोजून मापून केलं असतं, ते आमच्या पिंपाने सार्माल्याच्या तयारीत करून टाकलं होतं. आणि तो फेस, तो कोबीचा उत्साह, तो म्हणजे दगडच बुडबुडे सोडत होता. त्याला रोज फुंकणारा मी.

"हे असं करायचं नसतं," बाई म्हणाल्या. "हे अजिबात, कधीही असं करायचं नसतं. हाडालाही चरे पडतात." पण त्या तोवर हाड उताणं करून भिंग लावून बसल्या होत्या. "उंचवटा अगदी स्वच्छ निघालाय."

मी पुढे वाकलो. नाश माझ्या डोक्यावरून वाकले. हाडाच्या मागच्या अंगाला खरंच एक छोटीशी, खाली वळलेली जीभ होती.

"लोंबता," बाई म्हणाल्या. मग मूठभर फोटोंशी ताडून पाहिलं, फिरवून पाहिलं. मी श्वास धरून उभा होतो. "झाल्मॉक्सेस," त्या म्हणाल्या. "शंकाच नाही. चोचवाला."

"नवीन?"

"नाही हो, स्कुर्तुसाहेब. शंभर वर्षांपूर्वीच माहीत होता. तेव्हा त्याला वेगळं नाव होतं, मग दुसऱ्याच घराण्यात घातला, मग पुन्हा नाव बदललं. तीन वेळा बारसं झालंय त्याचं."

"तीन?" नाश गरजले. "आणि एकालाही मला बोलावलं नाही?"

पण त्यात दम नव्हता. त्यांच्या हातातली मेणबत्ती खाली झुकली होती आणि रिबीन पिंपाला लागत होती. मी बाकावर बसलो. मला वाईट वाटलं, चारचौघांत दिसेल इतकं वाईट वाटलं. हाड सापडण्याआधी आखूडचा आखूड राहायला मला काहीच हरकत नव्हती; आता मात्र कुणीतरी माझ्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. स्कुर्तुसॉरस पडवीतल्या पडवीत गेला.

इल्दिकोबाई मनाने चांगल्या. त्यांनी हाडाचं तुटकं टोक माझ्यापुढे धरलं आणि भिंग दिलं. "बघा. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं दिसतात? कडेला किती दाटीने आलीत? वाढ थांबली की ती अशी येतात. हे पिल्लू नव्हतं. पूर्ण वाढलेला होता, त्याच्या बेटावर पूर्ण आयुष्य जगलेला. फक्त लहान होता."

"आखूड," मी म्हणालो.

"आखूड," त्या म्हणाल्या. "आणि जातीला नाव नवीन नाही देता येत, पण हे हाड एकच आहे. आमच्याकडे प्रत्येकाला लाडाचं नाव असतं. खोक्यावर चिठ्ठी लावतो. काय लिहू?"

मी नाशांकडे पाहिलं. नाशांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोम्पिलियु लिहा," मी म्हणालो. "नाशाचा मान."

"गप्प बस," नाश म्हणाले. "स्कुर्तु लिहा, बाई. तळघर त्याचं."

"नाशुले, मी सांगतोय ना..."

"तू मला शिकवू नकोस!"

आणि आम्ही पुन्हा भांडायला लागलो, फक्त आता उलट बाजूंनी. देमियानसाहेबांनी घड्याळ पाहिलं. ग्लिगोरनी रोझालियाचं नाव काढलं. तेव्हा लुक्रेत्सिया वैतागून म्हणाली, "अरे, तुम्हा दोघांना एवढं कळत नाही? नाव नाश ठेवतो. आडनाव बापाचं लागतं. पोम्पिलियु स्कुर्तु. आमच्या गावात दुसरं काय करतात?"

इतके दिवस आम्हाला हे सुचलं नव्हतं.

मग नाशांनी मेणबत्ती पेटवली. काखेतलं पुडकं सोडलं. आत बाप्तिस्म्यानंतर बाळाला गुंडाळतात ते पांढरं, लेसचं कापड होतं. उलगडलं, तर घड्यांच्या रेघा पिवळ्या पडलेल्या, आणि कपाटातल्या लव्हेंडरचा जुना वास. नाशा हळूच म्हणाली, "तुमचं लग्न झालं त्याच आठवड्यात आणलं होतं यांनी. दुकानात शेवटचं होतं म्हणून."

देमियानसाहेब म्हणाले, संरक्षित वस्तूला खाजगी कापड लावता येतं का ते बघावं लागेल. बाई म्हणाल्या, ओलं हाड मऊ कापडातच न्यावं लागतं, हाच नियम आहे. असा नियम आहे की नाही मला माहीत नाही. देमियानसाहेबांनी विचारलं नाही.

नाशांनी हाड गुंडाळलं. एवढा धिप्पाड माणूस, पण असं गुंडाळलं की एक टोक दिसेना. मग आमच्याकडे चर्चमधून परत आल्यावर नाश आईच्या हातात मूल देताना म्हणतो तसं, लुक्रेत्सियापुढे उभे राहून ते म्हणाले, "तुम्ही आमच्या हाती अजाण जीव दिला होता, आम्ही तुम्हाला बाप्तिस्मा झालेला परत देतोय." इथे त्यांचं अडलं, कारण पुढे 'सुखाने वाढो' असं असतं. मग म्हणाले, "वाढून झालंय. सुखाने राहो."

लुक्रेत्सियाने दोन्ही हातांनी घेतलं. मला वाटलं ती काहीतरी खोचक बोलेल, ती नेहमी बोलते. पण ती ते कापडातलं हाड खांद्याशी धरून उभी राहिली, आणि तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर, म्हणजे जिथे पाठ असती तिथे, हळू थोपटायला लागला. बाहेर बाई गाडीचं दार उघडून थांबल्या होत्या. कुणीच घाई केली नाही. ग्लिगोरसुद्धा कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले.

मग तिने स्वतःच जाऊन ते मागच्या सीटवर ठेवलं, दोन्ही बाजूंना उश्या लावल्या, आणि बाईंना म्हणाली, "वळणांवर हळू. आणि पोचलात की कळवा."

संध्याकाळी फोन वाजला. मी उठायच्या आत लुक्रेत्सियाने उचलला. बराच वेळ ती नुसतं "हं, हं" करत होती. फोन ठेवून आली, माझ्याशेजारी बसली आणि डोळे पुसले.

"पोचलाय," ती म्हणाली. "रस्त्यात काही त्रास दिला नाही म्हणे."